पुस्तके परत मिळतील, नोंदवह्या मिळणार नाहीत

गावातल्या वाचनालयाला रंग द्यायचे ठरले, जागा बदलायची झाली किंवा कपाटे कमी पडायला लागली की सर्वांत आधी दाराबाहेर काय जाते? जुन्या वह्या. पुस्तकाला हात लावताना माणूस थोडा तरी थबकतो. सरस्वती आहे, पाय लागू नये, असे आपल्या मनावर बिंबलेले असते. वह्यांना तेवढाही मान नाही. "अजी, थे जुने रजिस्टरं काय कामाचे? कोन पाहते त्याइले? दिवाळीच्या आंधी देऊन टाका रद्दीवाल्याले," असे कोणीतरी म्हणतो, बाकीचे मान डोलावतात, आणि तराजूवर चाळीस-पन्नास वर्षे किलोच्या भावाने निघून जातात.

शेतीखात्यातला माणूस वाचनालयावर का लिहितो, असे कोणी विचारील. विचारायलाच हवे. पण गावोगाव फिरण्याचे काम असल्यामुळे ग्रामपंचायत, सोसायटी, शाळा आणि वाचनालय या चार जागा आम्हाला नेहमीच्या. यातल्या पहिल्या तिघांचे कागद सांभाळायला कोणी ना कोणी सरकारी किंवा पगारी माणूस असतो. वाचनालयाचे कागद मात्र बहुधा एका अर्धवेळ ग्रंथपालाच्या आणि चिटणिसाच्या भरवशावर असतात. चिटणीस बदलला की किल्ली बदलते, आणि किल्लीबरोबर जुने काय होते याची आठवणही जाते. म्हणून हा विषय शेतीच्या पानावर आणणे गरजेचे वाटले.

चार वह्यांत गाव

वाचनालय म्हटले की आपल्याला पुस्तके दिसतात. पण वाचनालयाचा इतिहास पुस्तकांत नसतो, तो वह्यांत असतो. कोणत्याही जुन्या वाचनालयात साधारण चार प्रकारच्या वह्या सापडतात. पहिली दाखल नोंदवही : कोणते पुस्तक कोणत्या तारखेला आले, किंमत किती, विकत घेतले की कोणी भेट दिले. दुसरी सभासदांची आणि वर्गणीची. तिसरी देवघेवीची : कोणी काय नेले, कधी परत आणले. चौथी सभेच्या इतिवृत्ताची, जिला आपण ठरावबुक म्हणतो. त्याशिवाय कुठे कुठे वर्तमानपत्रांचे बांधलेले गठ्ठे असतात, पावतीपुस्तके असतात, उद्घाटनाचा एखादा फोटो असतो.

आता ही दाखल नोंदवही नीट वाचून पाहा. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता १९५५ साली प्रसिद्ध झाली. ती तुमच्या गावात कोणत्या वर्षी आली, वाचनालयाने घेतली की कोणी दिली, एकच प्रत होती की झिजली म्हणून दुसरी आणावी लागली, हे सांगणारा कागद दुसरीकडे कुठेही नाही. संत्रा लागवडीवरचे पहिले पुस्तक गावात कधी आले? रासायनिक खतावरचे कधी? गावात पहिली मोटार बसली त्या सुमारास लोक काय वाचत होते? ज्या गावाने शेती बदलली त्याने आधी काय वाचले, काय ऐकले, हे आम्हा विस्ताराचे काम करणाऱ्यांना नेहमी कोडे असते. आम्ही मेळावे घेतो, प्रात्यक्षिके घेतो, पण माणसाच्या डोक्यात नवी गोष्ट कोणत्या वाटेने शिरली याचा पुरावा फार थोड्या ठिकाणी मिळतो. ही वही त्यातली एक जागा आहे.

सभासदांची वही तर याहून बोलकी. गावातल्या पहिल्या बाईचे नाव त्यात कोणत्या वर्षी आले? एखाद्या मोहल्ल्यातले, एखाद्या वस्तीतले नाव कित्येक वर्षे एकही नाही आणि मग अचानक चार नावे येतात, त्या वर्षी काय घडले? कोणाला दाराशी उभे राहून वर्तमानपत्र ऐकावे लागत होते आणि कोण बाकावर बसून वाचत होता? या गोष्टी ठरावात कोणी लिहून ठेवत नाही, पण नावांच्या यादीत त्या लपत नाहीत. इतिहास जपायचा म्हणजे फक्त गौरवाचा जपायचा असे नव्हे. ज्याची लाज वाटावी तोही गावाचाच, आणि तो नजरेसमोर असला तर पुढचे पाऊल नीट पडते.

वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांबद्दल शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. कोणत्या वर्षी गारपीट झाली, आंबिया बहाराला काय भाव मिळाला, कोळशीने बागा काळ्या पडल्या तेव्हा कोणते उपाय सुचवले गेले, विहिरीचे पाणी किती हातांवर होते, हे जिल्ह्याच्या बातमीत छापून गेलेले असते. आज वरूड-मोर्शीचा पट्टा भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखला जातो. 'डार्क झोन' हा शब्द इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. पाणी एका दिवसात खाली गेले नाही. ते कसे कसे गेले, कोणी कधी सावध केले आणि आपण काय उत्तर दिले, हे वाचायचे असेल तर जुने अंक लागतील. ते कोणाकडे आहेत?

वऱ्हाडचा इतिहास कोण लिहिणार?

मराठी ग्रंथालयांचा इतिहास थोडाथोडका नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, आणि त्याच्या स्थापनेत लोकहितवादींचा पुढाकार होता. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. आपल्या वऱ्हाडातही अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय १८६० सालापासूनचे, आणि अमरावतीचे नगर वाचनालयही एकोणिसाव्या शतकातले. ही वर्षे आपण आज छातीठोकपणे सांगतो ती कशाच्या जोरावर? कोणीतरी कागद ठेवला म्हणून. ज्यांनी ठेवला नाही त्यांच्या वाचनालयाला आज "फार जुनं आहे म्हणतात" एवढेच सांगता येते.

वऱ्हाडच्या बाबतीत ही अडचण जास्तच आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले आणि कारभार नागपूरला गेला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. शंभर-सव्वाशे वर्षांत इतक्यांदा घर बदलले म्हणजे सरकारी कागद किती ठिकाणी विखुरले असतील याची कल्पना करा. मुंबई इलाख्यात १९३९ साली फैजी समिती नेमली गेली आणि ग्रंथालयांची जिल्हा, तालुका, गाव अशी मांडणी सुचवली गेली. महाराष्ट्राच्या ग्रंथालय चळवळीचा इतिहास सांगताना या समितीचा उल्लेख हमखास येतो. पण त्या वेळी आपण त्या इलाख्यात नव्हतोच. त्यामुळे पुण्या-मुंबईकडून लिहिलेल्या इतिहासात वऱ्हाडच्या खेड्याला चार ओळी आल्या तरी पुष्कळ. यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. ज्याच्याजवळ कागद, त्याचा इतिहास.

आपल्याकडे लिहिणारी माणसे नव्हती असेही नाही. बुलढाण्याच्या यादव माधव काळे यांनी 'वऱ्हाडचा इतिहास' १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या एक वर्ष आधी, १९२३ मध्ये विदर्भ साहित्य संघाची स्थापना अमरावतीला झाली. अमरावतीच्या दादासाहेब खापर्डे यांनी वर्षानुवर्षे रोजनिशी लिहिली, ती जपली गेली आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पोचली. म्हणून त्या काळाचा अभ्यास करणाऱ्याला आजही अमरावतीचे नाव घ्यावे लागते. एका माणसाच्या वह्या टिकल्या तर एवढे होते. मग गावच्या गाव ज्यात नोंदले गेले त्या वह्यांची किंमत काय करावी?

आपल्या तालुक्यातलेच बेनोडा घ्या. त्याच्या नावापुढे 'शहीद' लागते ते १९४२ च्या आंदोलनामुळे. बलिदान आपल्याला माहीत आहे. पण त्या काळातल्या खेड्यात कोणते वर्तमानपत्र यायचे, ते कोण मोठ्याने वाचायचे, मुंबईच्या ऑगस्ट ठरावाची बातमी कोणत्या पारावर पोचली, हे जुन्या वाचनालयांच्या कागदात शोधावे लागेल. आणि संत्र्याचे काय? नागपूरकर भोसल्यांनी संत्रा या मुलखात आणला असे सगळेच सांगतात. पण आमच्या गावात पहिली बाग कोणाची, यावर पंगतीत बसलेल्या दहा जणांची अकरा मते असतात. कागद नसला की ज्याचा आवाज मोठा त्याचा इतिहास खरा ठरतो.

शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकेतून कलम घेताना आपण खुंट जंभेरीचा आहे का, डोळा कोणत्या मातृवृक्षाचा, हे खोदून विचारतो. दोन वर्षांच्या रोपाचे मूळ आपल्याला कळायला हवे असते. मग ज्या संस्थेने गावाला शंभर वर्षे वाचायला दिले तिचे मूळ कळले नाही तरी चालते, असे कसे?

आजच्या प्रश्नाचे मूळ कालच्या कागदात

ग्रंथालयांचा इतिहास म्हणजे नुसता स्मरणरंजनाचा विषय, असा एक समज आहे. तो खरा नाही. आज गावच्या ग्रंथपालाला इतके तुटपुंजे मानधन का मिळते, हा प्रश्न घ्या. याचे उत्तर १९६७ सालात आहे. त्या वर्षी महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. त्याआधी कोल्हापूर संस्थानात १९४५ मध्ये ग्रंथालयाचा कायदा झाला होता आणि मद्रासने १९४८ मध्ये केला होता. मद्रासने घरपट्टीबरोबर ग्रंथालयासाठी वेगळा कर लावण्याची वाट धरली. महाराष्ट्राने तसा कर लावला नाही. लोकांनी ग्रंथालय काढावे, लोकांनीच चालवावे, आणि सरकारने अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे अनुदान द्यावे, अशी आपली पद्धत ठरली.

या पद्धतीमुळे गावोगाव वाचनालये निघाली, हे तिचे मोठे यश. पण ग्रंथालय सरकारचे नाही म्हणून सेवकही सरकारचा नाही, आणि अनुदान कमी म्हणून पगार कमी, हे दुखणेही तिथूनच आले. प्रभे समिती झाली, पत्की समिती झाली, सेवकांचे मोर्चे निघाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली, तेव्हा 'ड' वर्गाचे वर्षाचे ३० हजारांचे ४८ हजार झाले. महिन्याला चार हजार. त्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि माणसाचा पगार. हा हिशेब कोणत्याही शेतकऱ्याला एका मिनिटात समजतो.

आता एखाद्या वाचनालयाच्या संचालकांनी आपली बाजू मांडायची ठरवली तर त्यांच्या हातात काय पाहिजे? कोणत्या वर्षी किती सभासद होते, किती अनुदान आले, लोकवर्गणी किती जमली, ग्रंथपालाला काय दिले, याचा पन्नास वर्षांचा तक्ता. तो तक्ता जुन्या वह्यांतूनच निघेल. वही नसली तर निवेदनात "फार अडचण आहे" एवढेच लिहिता येते, आणि अशा निवेदनाचे काय होते ते आपण सगळे जाणतो.

जे एकदाच असते

पुस्तक हरवले तर त्याची दुसरी प्रत मिळू शकते. शंकर गणेश दाते यांनी जागोजागची ग्रंथालये धुंडाळून मराठी ग्रंथसूची तयार केली. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातली पुस्तके आहेत, दुसऱ्यात १९३८ ते १९५० ची. कोणते पुस्तक कधी निघाले, कोणी छापले, हे त्यामुळे आज सांगता येते आणि शोधता येते. दात्यांचे हे काम उभे राहिले कारण कोठे कोठे कोणी जुनी पुस्तके आणि त्यांच्या याद्या टाकून दिल्या नव्हत्या. पण तुमच्या वाचनालयाच्या दाखल नोंदवहीची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. ती एकच, आणि ती तुमच्या कपाटात.

श्रीलंकेत १९८१ साली जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले. सुमारे ९७ हजार पुस्तके गेली. पुढे इमारत पुन्हा उभी राहिली, छापील पुस्तके पुष्कळशी परत जमवता आली. पण ताडपत्रावरच्या पोथ्या आणि हस्तलिखिते, जी तिथे एकच एक होती, ती कायमची गेली. आपल्याकडे आग लावायला कोणी येत नाही. आपण स्वतःच तराजूवर चढवतो.

आणि निसर्गाचे काय? मोवाड आपल्याला लागूनच. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने तिथे दोनशेवर माणसे नेली. माणसे गेली तिथे कागदाचे दुःख कोण करणार? पण पूर ओसरल्यावर घर कोणाचे, शेत किती, पोर कोणत्या वर्गात होते, हे सांगायला कागदच लागतो, हेही अशा वेळी कळते. जे एकाच ठिकाणी ठेवले ते एका रात्रीत जाऊ शकते, हा धडा वर्धेकाठच्या माणसाला पुस्तकातून शिकावा लागत नाही.

नोंद ठेवल्याने काय होते याचे एक उदाहरण आमच्याच क्षेत्रातले आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे केली. लोक एकत्र बसून रेडिओ ऐकत आणि ऐकलेल्यावर चर्चा करीत. त्याचा नीट अभ्यास झाला, अहवाल छापला गेला. आज जगात कुठेही ग्रामीण रेडिओचा अभ्यास निघाला की त्या खेड्यांचा उल्लेख येतो. आपल्या तालुक्यातही वाचनालयात बसून लोकांनी रेडिओ ऐकलाच की. पण कोणत्या गावात, किती जणांनी, त्यातून काय निघाले, हे लिहिलेले असेल तर ठरावबुकात असेल, नाहीतर कुठेच नाही.

करायचे काय?

"भाऊ, संत्र्याले भाव नाही, विहिरीले पाणी नाही, आन तुमचं हे काय काढलं?" असे कोणी म्हणाले तर त्याचे चुकते असे नाही. पोटाचा प्रश्न पहिला. पण जे सांगतो आहे त्याला ना मोठा पैसा लागतो ना बागेचे काम थांबवावे लागते. तीन-चार रविवार आणि दोन-चार माणसे पुरेत.

पहिली गोष्ट : जुन्या वह्या, पावतीपुस्तके, ठरावबुके रद्दीत देऊ नयेत. पुस्तके बाद करण्याची रीतसर पद्धत आहे, तिला निर्लेखन म्हणतात. ती पुस्तकांसाठी वापरावी. नोंदवह्या बाद करायच्या नाहीत, असा एक ओळीचा ठराव कार्यकारी मंडळाने करून टाकावा.

दुसरी : वह्या जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवू नयेत. उधई भिंतीतूनच येते. लोखंडी कपाट भिंतीपासून हातभर पुढे असावे. जुने लोक कागद सुती कापडात बांधून ठेवत, त्याला रुमाल म्हणत. ती रीत आजही चांगली. प्लास्टिकच्या पिशवीत बांधले तर पावसाळ्यात ओल धरते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, काही वर्षांनी तिचा डाग पडून कागद तुटतो. मधे मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा आणि पावसाळा संपला की सगळे एकदा सावलीत उघडून वारा द्यावा. ज्वारीचे बियाणे जपणाऱ्या घरांना हे नव्याने शिकवायला नको.

तिसरी : प्रत्येक पानाचा फोटो काढावा. मोबाईल आता घरोघरी आहे. दिवसाच्या उजेडात, वही सपाट ठेवून, पहिल्या पानापासून क्रमाने. हे फोटो दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावे, एक संच वाचनालयात आणि दुसरा दुसऱ्या गावातल्या वाचनालयात किंवा महाविद्यालयात. मूळ वही मात्र फोटो झाला म्हणून टाकायची नाही.

चौथी : जुन्या माणसांशी बोलावे. जागा कोणी दिली, पहिली वर्गणी किती होती, भांडण कशावरून झाले, मधली पाच वर्षे कुलूप का होते, कोणाला आत येऊ देत नव्हते. ऐंशीच्या पुढची ही माणसे आज सांगतात, उद्या सांगायला असतील याची हमी नाही. कॉलेजच्या पोरांना हे काम द्यावे. ऐकलेले सांगणाऱ्याच्या नावानिशी आणि तारखेनिशी लिहावे, आणि वहीतल्या नोंदीशी ताडून पाहावे. एक पथ्य मात्र पाळावे. अमक्याच्या आजोबांनी कोणते पुस्तक नेले होते, यावर चावडीवर थट्टा होऊ नये. देवघेवीची वही अभ्यासाला आहे, कुचाळकीला नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला शेवटचा असा, की ग्रंथालय ही वाढती, सजीव संस्था आहे. जी वाढते तिला वय असते, आणि वय सांगायला दाखला लागतो. रंगनाथन यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी हार-तुऱ्यांबरोबर प्रत्येक वाचनालयाने आपली सर्वांत जुनी वही टेबलावर मांडावी आणि तिची पहिली दोन पाने लोकांना मोठ्याने वाचून दाखवावीत. आपल्या आज्याचे नाव ऐकले की माणूस वळून पाहतो. तिथून पुढे ती वही रद्दीत द्यायला कोणाचा हात धजावणार नाही.

शेताचा सातबारा आपण लोखंडी पेटीत, कुलपात ठेवतो. वाचनालयाची नोंदवही हा सगळ्या गावाचा सातबारा आहे. वाचनालयाच्या अध्यक्षांनी आणि चिटणिसांनी या आठवड्यात एकदा कपाट उघडून सर्वांत जुनी वही कोणत्या वर्षाची आहे, एवढे पाहून ठेवावे. पुढचे काम तिथूनच सुरू होईल.